फाइलीतला कोरा महिना

(आत्या पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षं वकिली करून आता घरी असतात. भाचीचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं. ती बंगळूरला नोकरी करते. नवरा न्यू जर्सीत, अमेरिकेचा नागरिक. दोघी कल्पित आहेत. कायदे आणि खटले मात्र खरे.)

भाची: आत्या, तुझ्याकडे दोन कामं आहेत. एक सल्ल्याचं, एक सहीचं.

आत्या: सहीचं नंतर. आधी फाइल दाखव.

भाची: ही बघ. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, साखरपुड्यापासूनचे फोटो, त्याची विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, आणि व्हॉट्सअ‍ॅपची ही एवढी पानं. त्याने तिकडे बायकोसाठीचा आय-१३० अर्ज भरलाय. आता आमचं लग्न खरं आहे, व्हिसासाठी केलेलं नाही, हे दाखवायचं.

आत्या: शिक्के नीट उमटलेत. आणि हे काय? तीन फोटोंत तीन साड्या, पण मागे तेच जास्वंदीचं झाड आणि तेच ऊन.

भाची: ते त्याच्या मित्राच्या बायकोने सुचवलं. सगळे फोटो एकाच वेळचे दिसले तर पुरावा पातळ वाटतो म्हणे. म्हणून साड्या बदलून...

आत्या: हे काढून टाक.

भाची: पण फोटो खरे आहेत गं. आम्हीच आहोत त्यांत.

आत्या: फोटो खरा, त्याने सुचवलेली तारीख खोटी. तू येणार म्हणून मी तिकडचा कायदा वाचून ठेवलाय. व्हिसासाठी लबाडीचं लग्न केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. तुमचं लग्न तसलं नाही, म्हणून ती भीती घालत नाही. पण खऱ्या लग्नाच्या फाइलीत एक खोटं पान सापडलं की बाकीच्या पानांकडेही लोक वाकड्या नजरेने बघतात. हे व्यवहाराचं झालं. नीतीचं विचारशील तर या साड्या तू ज्याच्यासाठी नेसलीस तो अधिकारी आहे, नवरा नव्हे.

भाची: थांब, इथेच तुला पकडते. मग पुण्याच्या बँकेतलं संयुक्त खातंही मी अधिकाऱ्यासाठीच उघडलं. त्याने विम्यात माझं नाव घातलं तेही त्यांची पुराव्यांची यादी वाचून. आधी दोघांनाही सुचलं नव्हतं. तीही साडीच की!

आत्या: नाही. उद्या त्याला काही झालं तर विम्याचे पैसे तुला मिळणार आहेत. कागद कुणाच्या सांगण्यावरून झाला हे सोड, त्याने कुणी बांधलं जातंय का ते बघ. लग्नपत्रिका तरी आपण दुसऱ्यांसाठीच छापतो, म्हणून ती खोटी होत नाही. हां, खातं उघडून त्यात दोन हजार टाकलेस आणि विसरून गेलीस, तर ती चौथी साडी.

भाची: मला राग आहे तो यादीचा. दोघांच्या मालकीचं घर, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र केलेले पैसे, मुलांचे जन्मदाखले. आमचं कांदेपोह्यांचं लग्न. आधी मोजून दोन-तीनदा भेटलो, तेही समोर आई बसलेली. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो परत गेला. भाडेकरार कुठून आणू?

आत्या: त्याच यादीत शेवटी 'इतर कोणताही पुरावा' असंही आहे. तुझी पत्रिका तिथे बसते. दोन्हीकडचे आजी-आजोबा हजर, तीनशे पानं उठली, हा ठरवून केलेल्या लग्नाचा केवढा मोठा पुरावा! लबाडीचं लग्न करणारे आत्या-मावश्यांच्या मानपानात वेळ घालवत नाहीत. राग मात्र तुझा चुकीचा नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात एक नियम होता, १९९७ मध्ये तो गेला. ब्रिटनमध्ये येणं हा या लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे जोडप्याने सिद्ध करायचं. लग्न खरं असून भागत नसे. जो हेतू नव्हता तो नव्हता हे दाखवायचं, कसं दाखवणार? लोक एकमेकांची पत्रं नेऊन अधिकाऱ्यांपुढे ठेवत. घरच्यांनी ठरवलेली लग्नं त्यात हमखास अडकत. आणि १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली होती. बाई लग्न करायला आलेली. अधिकाऱ्यांना संशय, हिचं लग्न आधीच झालंय.

भाची: म्हणजे आधी शरीर तपासलं, मग पत्रं, आता फोन.

आत्या: फोन तू आपणहून देतेयस. फरक लहान नाही.

(आत्यांनी हा मुद्दा जिंकला असं मला वाटत नाही. ज्याला आपल्या माणसाकडे जायचंय त्याने आपणहून दिलेलं कितपत आपणहून असतं? भाचीने वाद वाढवला नाही, कारण तिच्या मनात दुसरंच होतं.)

भाची: ही चॅटची पानं. इथपर्यंत रोज. मग सव्वा महिना कोरा. मेसेज नाही, कॉल नाही. मग पुन्हा रोज.

आत्या: भांडण?

भाची: कडाक्याचं. मी नोकरी सोडायची का आणि कधी, यावरून. सासूबाईंनी परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं होतं की सून राजीनामा देतेय. आता तो म्हणतो, दर महिन्याची दोन-दोन पानं लाव आणि त्या महिन्याचं नाव काढू नकोस. महिने कोण मोजत बसतंय?

आत्या: कायद्याचं विचारशील तर तो बरोबर आहे. सगळी चॅट आणून द्या असं कुणी म्हटलेलं नाही. दिलेली पानं निवडलेली असतात हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. तारखा खोडायच्या नाहीत, मेसेज मागाहून बनवायचे नाहीत आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला विचारलंच तर खरं सांगायचं. एवढं पाळलं की झालं.

भाची: झालं कसं? पान न् पान खरं, आणि सगळी मिळून दिसतं ते खोटं. वर्षभर नुसती गोडीगुलाबी! साड्यांच्या बाबतीत तू हेच म्हणालीस.

आत्या: तिथे वेगवेगळ्या दिवसांचा दावा होता. इथे 'आम्ही रोज बोललो' असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस.

भाची: न बोलता म्हटलंय.

आत्या: बरं. मग उलटीकडून बघू. अधिकाऱ्याचा प्रश्न काय? तुम्ही सुखात आहात का, हा नाही. अमेरिकेत १९७५ चा बार्क यांचा खटला आहे. जोडपं लग्नानंतर भांडून वेगळं राहिलं, त्यावरून लग्नच लबाडीचं ठरवलं गेलं. अपील न्यायालयाने ते मानलं नाही. लग्न करतेवेळी दोघांना एकत्र संसार करायचा होता का, एवढंच बघायचं, म्हणाले. नागरिकांच्या लग्नांहून परक्या माणसाचं लग्न जास्त यशस्वी असलं पाहिजे, अशी अट घालता येत नाही.

भाची: मग लपवायचं कशाला?

आत्या: न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. दार लावून घेणारा प्रत्येक जण आत चोरीचा माल मोजत नसतो.

भाची: पण मला त्या महिन्याची लाज वाटत नाही, हाच पेच आहे. आधीचे महिने बघ. 'जेवलीस का', 'हो, तू', 'गुड नाइट'. ही पानं कुठलंही लबाड जोडपं रोज लिहील, आमच्यापेक्षा नीटच लिहील. त्या भांडणात मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस ऐकतो, पण उशिरा ऐकतो. त्याला कळलं की मी त्याच्या आईसमोर गप्प बसले म्हणजे हो म्हणाले असं होत नाही. ज्याला नुसता व्हिसा हवाय, तो नोकरीवरून सव्वा महिना अबोला धरेल का? तो भांडणारच नाही. आमच्या सगळ्या फाइलीत बनवता न येण्यासारखं हेच एक पान आहे, आणि ते कोरं आहे.

आत्या: हे तू माझ्यापुढे बोलतेयस म्हणून पटतंय. अधिकाऱ्यापुढे तुला मोजकी मिनिटं मिळतील. मी कोर्टात याची दुसरी बाजू पाहिली आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुण्यात दुसरं घर परवडतंय कुणाला? माझे अशील दोन खोल्यांत राहायचे, एकाच ओट्यावर दोघांचे दोन कुकर, शिट्ट्यासुद्धा वेगळ्या मोजायच्या. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून वेगळं राहता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं म्हणून आमचं भागलं. आणि त्यांच्याकडे तुझ्या यादीतलं सगळं असायचं. फ्लॅट दोघांच्या नावावर, खातं दोघांचं, जन्मदाखले तर होतेच.

भाची: म्हणजे पुरावा कशाचाच होत नाही.

आत्या: तसे हात झटकू नकोस. परदेशातल्या नवऱ्याने चार दिवस राहून इथेच टाकलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांना लग्न झाल्याचं सिद्ध करायला कागद मिळत नव्हता. कागदाला नावं ठेवणं ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच जमतं.

भाची: माझ्या मैत्रिणीकडे तर कागदच आहे. व्हिसाला वेळ लागतो म्हणून नोंदणी करून टाकली, विधी डिसेंबरात.

आत्या: तिला सांभाळून राहायला सांग. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न म्हणायचं तर कलम ७ प्रमाणे विधी व्हायला हवेत, नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. परदेशी जायला वेळ वाचावा म्हणून आईवडीलच अशी नोंदणी करू देतात, हेही त्या निकालात आलंय. विशेष विवाह कायद्याने केलं असेल तर प्रश्न नाही.

भाची: इथलं कोर्ट विचारतं, कागद आहे, पण विधी कुठाय? तिकडचा अधिकारी म्हणणार, विधीही झाला, पण संसार कुठाय? आणि संसार करायलाच तर त्याची परवानगी मागतेय मी!

आत्या: गेल्यावरही सुटत नाहीस. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पोचलीस तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच, सशर्त. १९८६ च्या कायद्याने हे आलं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पुरावे.

भाची: म्हणजे दोन वर्षं प्रत्येक वीजबिलावर दोघांची नावं. आणि भांडून एखादी रात्र मैत्रिणीकडे झोपायला गेले, तर आधी मनात येणार की हे फाइलीत कसं दिसेल. पुरावे जमवता जमवता माणूस पुराव्यासारखाच वागायला लागेल, आत्या.

आत्या: लागतो. चार लोकांत बरं दिसावं म्हणून सासरी वागलेल्या बायका आपल्या घराण्यात काय कमी झाल्या? एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. लग्न मोडलं तरी, ते खऱ्या मनाने केलं होतं हे दाखवून एकटीला अर्ज करता येतो. मारहाण झाली तरीही येतो. कार्डासाठी कुणी सोसत राहायचं नाही. आता सहीचं सांग.

भाची: प्रतिज्ञापत्र हवंय तुझं. पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, आमच्याशी नातं, आणि आमच्या लग्नाबद्दल तुला काय माहीत आहे आणि कसं. त्याने मसुदा पाठवलाय. 'दोघांचे एकमेकांवर अत्यंत प्रेम असून...'

आत्या: अत्यंत आहे की बेताचं, मला काय ठाऊक? मी पाहिलं ते लग्नातलं जेवण, आणि जावईबापू मठ्ठा वाढायला उठले होते ते. पाहिलं तेवढंच लिहीन. पण मी पाहिलेली एक गोष्ट तुझ्या फाइलीत नाही, तुलाही माहीत नाही.

भाची: कुठली?

आत्या: तुमच्या त्याच कोऱ्या महिन्यात दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तू दोन दिवस राहून बंगळूरला परतलीस. दादाच्या डोळ्यावर पट्टी, म्हणून फोन मीच उचलायचे. रोज रात्री आठच्या सुमाराला तुझ्या नवऱ्याचा फोन यायचा. थेंब घातले का, पाणी नाही ना गेलं डोळ्यात. तिकडे ऑफिसची वेळ, मागे माणसं बोलताना ऐकू यायची. तुझं नाव त्याने एकदाही काढलं नाही. तिला सांगू नका, एवढं मात्र बजावलं होतं.

भाची: बाबा काहीच बोलले नाहीत मला.

आत्या: दादा शब्द पाळतो. मी आज मोडला. हे मी लिहू शकते, कारण हे माझ्या कानांनी ऐकलंय. पण लिहायचं तर तेव्हा तुम्ही एकमेकांशी बोलत नव्हता, हेही लिहावं लागेल. नाहीतर जावयाने सासऱ्याला फोन केला, त्यात कसली नवलाई?

भाची: मघापासून मीच म्हणत होते, तो महिना दाखवूया. आता नको वाटतंय. जे त्याने मलासुद्धा दाखवलं नाही ते मी सरकारला कसं दाखवू?

आत्या: आणि मी मघापासून 'सांगू नकोस' म्हणत होते. पण सही करायची तर माझ्याकडे दुसरं काही नाही. मठ्ठ्यावर व्हिसा मिळत नाही.

भाची: भांडण दोघांचं होतं, फोन त्याचे होते. त्याला विचारल्याशिवाय तू लिहायचं नाहीस.

आत्या: नाही लिहीत. विचार त्याला.

भाची: पण काय लिहू?

आत्या: लिहू नकोस, फोन कर. लिहिलंस, तर ते पान फाइलीला लावायचं की नाही हे विचारायला पुन्हा माझ्याकडेच येशील.