स्क्रू किती आवळायचा? (गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७)



सहाव्या अध्यायात आसन, एकांत, मान-पाठ सरळ, इथपर्यंत आपण आलो. आज पुढचे दोन श्लोक. दिसायला सोपे आहेत, म्हणूनच आपण ते पटकन ओलांडतो आणि ध्यानाच्या "मोठ्या" श्लोकांकडे धावतो. भगवंत म्हणतात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. मग १७ व्या श्लोकात एक शब्द तीनदा येतो: युक्त. आहार-विहार युक्त, कर्मातली धडपड युक्त, झोप आणि जाग युक्त.

बरेच जण याचं भाषांतर "मध्यम" किंवा "माफक" असं करतात. मला ते थोडं कमी वाटतं. "युक्त" आणि "योग" एकाच धातूतून आले आहेत, युज् म्हणजे जोडणे. युक्त म्हणजे जिथे जोडायचं तिथे नीट बसलेलं. दोन टोकांची सरासरी काढून ते मिळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला मिळालं ते मासे पकडायच्या रिळात. थांबा, सांगतो.

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमधले एक काका रविवारी उल्हास नदीवर गळ टाकून बसतात. पाऊस सरला की सगळी रिळं उघडतात, गाळ धुतात, जुनं ग्रीस पुसून नवं लावतात आणि परत जोडतात. आता बारीक स्क्रू त्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून जोडणीला मी. मी शाकाहारी आहे आणि मासेमारीची वकिली करायला हे लिहीत नाहीये. पण कोणाकडून काय शिकावं याबद्दल महाभारत फार मोकळं आहे. वनपर्वातला कौशिक ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेत गेला तो एका खाटकाच्या दुकानात. आपल्याला तर फक्त एक मजला उतरायचा आहे.

रिळाच्या बाजूचं झाकण तीन-चार बारीक स्क्रूंवर बसतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा, बॉडी ॲल्युमिनियमची किंवा ग्राफाइट मिसळलेल्या प्लास्टिकची. काकांची पद्धत अशी: स्क्रू आधी उलटा फिरवायचा, हळू. एका जागी हाताला बारीक "टक्" जाणवतं. स्क्रूचा आटा जुन्या आट्यात बसला. मग सुलटा. ही "टक्" न घेता घाईने फिरवला तर स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःची नवी वाट कोरतो आणि जुनी मोडतो. सगळे स्क्रू आधी हलके बसवायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, म्हणजे झाकण एका बाजूला तिरकं बसत नाही. ड्रायव्हर मुठीत धरायचा नाही, अंगठा आणि दोन बोटांत धरायचा. आणि तो स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारा हवा. जपानी रिळांच्या स्क्रूची अधिकची खाच आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरला नीट जुळत नाही, जोर लावला की टोक सटकतं आणि स्क्रूचं डोकं सोलवटतं.

आता मुख्य प्रश्न. थांबायचं कधी?

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "काका, अजून थोडा फिरतोय. आवळू?"

"फिरतोय म्हणून फिरवायचा नसतो रे. बसला की थांब."

इंजिनिअर असल्यामुळे मला आकडा हवा होता, तोही आहे. ३ मिलिमीटरचा चांगल्या स्टीलचा स्क्रू स्टीलमध्ये साधारण १.२ न्यूटन-मीटर पीळ घेतो. तोच स्क्रू प्लास्टिकमध्ये जात असेल तर आकडा बराच खाली येतो. स्क्रू तोच, ताकद तीच, हातही तोच. किती आवळायचं हे ठरवते ती समोरची वस्तू, ज्यात तो जातोय. आपण संकल्प करताना नेमकं हेच विसरतो. माझी इच्छाशक्ती किती पक्की आहे एवढंच बघतो. ती ज्यात रुतणार आहे ते शरीर, ते घर, ती नोकरी कशाची बनली आहे हे बघतच नाही.

माझ्या ओळखीतला एक मुलगा. नोकरी ऐरोलीला, म्हणजे बदलापूरहून पहाटेची लोकल, ठाण्याला बदल, रात्री घरी यायला नऊ-साडेनऊ. एका शिबिरातून आला आणि दुसऱ्या दिवसापासून चार वाजता उठणं, १६ माळा, एकादशी निर्जळ, कांदा-लसूण बंद, घरच्यांशी मोजकं बोलणं. सगळं एकदम, सगळं घट्ट. तिसऱ्या महिन्यात माळ कपाटात गेली. आता तो देवळाच्या रस्त्यानेही जात नाही, आणि विचारलं तर म्हणतो, "ते माझ्यासाठी नाही." आटे गेले की असंच होतं. स्क्रू फिरत राहतो, पण पकडत काहीच नाही.

त्याला सगळ्यांनी "मनाचा कच्चा" ठरवलं. मला ते मान्य नाही. कच्च्या मनाचा माणूस तीन महिने तीन तासांच्या झोपेवर काढत नाही. जोर भरपूर होता. तो कुठे गेला, हा प्रश्न आहे.

इथे यंत्रशास्त्रातली एक गोष्ट मला फार आवडते. स्क्रू आवळताना आपण जो पीळ देतो त्यातला साधारण ५० टक्के स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष पकड निर्माण करायला उरतो जेमतेम १० टक्के. म्हणून आटे मातीने भरलेले असतील तर हाताला वाटतं "झाला घट्ट", आणि आत पकड काहीच नसते. तेच आटे स्वच्छ करून किंचित ग्रीस लावलं तर कमी जोरात जास्त पकड येते, इतकी की नेहमीचाच जोर तेव्हा जास्त ठरतो. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात, तेही त्या ग्रीसने टळतं. पुढच्या वर्षी स्क्रू उघडायचा पण असतो ना!

आपल्या साधनेत घर्षण कुठे आहे ते आधी बघा. आईला न सांगता जेवण सोडलं, ती दुखावली, रोज ताटावर वाद. त्या मुलाचा निम्मा जोर तिथे खर्च होत होता. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल आणि चारचा गजर, उरलेला तिथे. जपाला पोहोचत काय होतं?

भगवंत याबाबत नुसता सल्ला देऊन थांबत नाहीत. १७ व्या अध्यायाच्या ५ व्या आणि ६ व्या श्लोकात ते चक्क रागावलेत. शास्त्रात नसलेली घोर तपं दंभाने, हट्टाने करणारे लोक शरीरातल्या भूतांना पिळतातच, पण आत राहणाऱ्या मलाही पिळतात, असा त्याचा भाव आहे. हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो. शुगरच्या गोळ्या चालू असताना महाशिवरात्रीला पाण्याचा थेंबही न घेता अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रांगेत उभं राहणारी माणसं आपण पाहिली आहेत. श्रद्धेला नमस्कार. पण ज्याच्या दर्शनाला रांग लावली तोच आत चक्कर येऊन पडतोय, असं हे श्लोक सांगतात. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मग संकल्प सोडा.

पंचांगाला हे कळतं. चातुर्मास चार महिन्यांचा असतो, आयुष्यभराचा नाही. आपल्या शेजारी उल्हासनगरमध्ये सिंधी बांधव झुलेलालांचा चालिहो पाळतात तो ४० दिवसांचा. (झुलेलाल स्वतः पल्ला माशावर बसलेले असतात, आजच्या विषयाला तेही हजर!) ४० दिवस, मग उद्यापन. व्रताला शेवट असतो म्हणून ते पुढच्या वर्षी परत करता येतं.

"मग काय, ढिलं ठेवायचं?" असं विचारणारे कमेंटमध्ये येणार, मला माहिती आहे. नाही. ढिला स्क्रू गिअरच्या हादऱ्यांनी हळूहळू सुटतो आणि एक दिवस उल्हासमध्ये पडतो, शोधत बसा. "मन शुद्ध असलं की झालं" म्हणत माळेला महिनोन्महिने हात न लावणं हाच तो ढिला स्क्रू. श्लोक १६ जास्त खाणाऱ्यालाही सोडत नाही. फक्त एक फरक लक्षात ठेवा: ढिला सापडला तर पाव फेरा देता येतो, गेलेला आटा परत येत नाही.

हीच गोष्ट बौद्ध परंपरेतही आहे. सोण नावाचा भिक्खू चालून चालून ध्यान करत राहिला, पाय रक्ताळले, शेवटी घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला वीणेच्याच तारांबद्दल विचारलं, फार ताणलेली वाजते का, फार सैल वाजते का. तो सराव सोडून गेला नाही, त्याने ताण बदलला. आणि गंमत बघा, त्याला फटकारलं नाही, त्याला ठाऊक असलेल्या वाद्याचीच आठवण करून दिली.

रिळाची उपमा मात्र इथपर्यंतच. प्लास्टिकचा आटा गेला की जाडा स्क्रू शोधावा लागतो किंवा झाकण बदलावं लागतं. माणसाचं तसं नाही. याच अध्यायात पुढे अर्जुन विचारतोच की मध्येच सुटलेल्याचं काय, आणि ४० व्या श्लोकात भगवंत त्याला "बाबा रे" म्हणावं इतक्या मायेने सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. त्या मुलाला मी हा श्लोक पाठवलाय. सोबत एवढंच लिहिलं, एक माळ, लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर.

दोन निळ्या टिक आल्या आहेत. उत्तर अजून नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी या आठवड्यात नवा नियम घेतलाय त्यांनी आज एक करा. नियम हलका बसवा आणि १५ दिवसांनी तपासा, काका पहिल्या फेरीनंतर सगळे स्क्रू पुन्हा बोटाने चाचपतात तसं. हलत असेल तर थोडा आवळा. उद्या श्लोक १८-१९, वारा नसलेल्या जागेतला दिवा.

राम कृष्ण हरी.