हजेरीपत्रकावरचे नाव

मुंबई महापालिकेत काटकसर सुरू झाली की कोणाच्या हातात नोकरीवरून काढल्याची नोटीस सहसा पडत नाही. माणूस निवृत्त होतो आणि त्याची जागा रिकामी राहते. रस्ता मात्र रोज झाडावाच लागतो, गाडी रोज भरावीच लागते. मग ते काम कंत्राटदाराकडे जाते आणि तो मुदतीपुरती माणसे आणतो. काम तेच असते, रस्ताही तोच असतो. त्या माणसाची जबाबदारी कोणावर, एवढेच बदललेले असते. महापालिकेच्या नोकरीतली असुरक्षितता ही अशी, आवाज न करता येते.

हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधल्या रे रोडला रोजंदारीची धास्ती ठाऊक नव्हती असे नाही. पूर्वेला दारूखान्यात जहाजे तोडणारे हात जहाज असेल तोवर कामावर. पश्चिमेला घोडपदेव ओलांडून लालबाग-परळकडे गेले की गिरण्या, आणि गिरण्यांच्या दारात बदली कामगार. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याची पाळी बदलीवाल्याला, नाहीतर परत घरी. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणीची कायम नोकरीही कायम राहिली नाही. अशा वस्त्यांत ‘पोरगा म्युनिसिपालिटीत चिकटला’ या वाक्याला वजन होते. महिन्याच्या महिन्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि सफाई खात्यात असेल तर कदाचित डोक्यावर छप्पर. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसालाही नोकरीचा हक्क मिळाला. ज्या कामाकडे समाज नाक मुरडतो, त्याच कामाने कित्येक दलित कुटुंबांना या शहरात पाय रोवू दिले. जागा रद्द होते तेव्हा एका पगाराबरोबर पुढच्या पिढीचा वारसाहक्कही नाहीसा होतो, हे अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

पैशाची ओढाताण खोटी आहे असेही नाही. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. जकात हा महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा, रोज हातात पडणारा झरा होता. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, पण स्वतः वसूल केलेला कर आणि वरून येणारी भरपाई यांत फरक आहे. त्यातच आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा राज्याचा दंडक दाखवला की भरती थांबवायला आयते कारण मिळते. तरीही 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक भांडवली कामांसाठी. तेव्हा प्रश्न तिजोरी रिकामी असण्याचा नव्हता, कात्री कुठे लावायची याचा होता. पूल आणि बोगदे ‘विकास’ या सदरात जातात, झाडू मारणारा हात ‘आस्थापना’ या सदरात. कंत्राटदाराने तोच हात पुरवला की तो आस्थापनेतून बाहेर पडतो. खर्च कमी होतोच असे नाही. तो दुसऱ्या शीर्षाखाली सरकतो.

ही सरकवासरकव कशी चालते ते कचरा वाहतुकीच्या कंत्राटांत स्पष्ट दिसले. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याला वीस कामगारांची मर्यादा होती, म्हणून कामाचे इतके बारीक तुकडे केले गेले की एकेका कंत्राटदाराकडे वीसपेक्षा कमी माणसे राहावीत. वर्षात 240 दिवस भरले तर कामगाराचा हक्क उभा राहतो, म्हणून तेवढे दिवस भरू द्यायचे नाहीत. काही योजनांत तर त्यांना कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ आणि पगाराला ‘मानधन’ म्हटले गेले. पहाटे गाडीवर चढून ओला कचरा खांद्यावरून टाकणाऱ्याला स्वयंसेवक म्हणणे ही भाषेची लबाडी आहे, आणि ती सार्वजनिक संस्थेने करावी हे अधिक वाईट.

याविरुद्ध 1997 साली कामगार कार्यकर्ते मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा केला. पिण्याचे पाणी, हातमोजे अशा मागण्यांपासून सुरू झालेली ही वाट औद्योगिक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय ओलांडून गेली. 7 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयात सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निर्णय टिकला. एवढी वर्षे काढताना कामगाराच्या हाती काय होते? प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदे. हजेरीची चिठ्ठी, ओळखपत्र, बँकेचे पासबुक, निधीची पावती. पावसाळ्यात घरात पाणी शिरले की आधी ती पिशवी माळ्यावर जाते. निकालानंतरही शेकडोंची नेमणूक अडली, कारण यादीतले नाव आणि ओळखपत्रातले नाव जुळेना. हजेरी लिहिणाऱ्या मुकादमाने घाईत लिहिलेल्या एका वेलांटीची किंमत माणसाने वर्षांत मोजली. धीर धरणे म्हणजे मन घट्ट करणे, असे असुरक्षिततेबद्दल बोलताना सांगितले जाते. इथे धीर धरणे म्हणजे कागद जपणे, वर्गणी भरणे आणि तारखेला हजर राहणे.

बाकीचे आधार तोकडे आहेत. पगारदारांच्या पतपेढीचे दार कायम कामगाराला उघडे. कंत्राटी कामगाराला भिशी, दागिना किंवा सावकार. गावाकडे शेत असेल तर ते, पण मराठवाडा-सोलापूरहून आलेले बरेच जण दुष्काळानेच इकडे आलेले. बायको चार घरची धुणीभांडी धरते, मुलाचे शिक्षण दहावीनंतर ‘पुढे बघू’वर येते. कुटुंब असा मार्ग काढते, पण ही तग धरण्याची किंमत आहे; तिला जिद्द म्हणून गौरवणे बरोबर नाही.

महापालिकेच्या ‘बेस्ट’ बससेवेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जानेवारी 2019 मध्ये कर्मचाऱ्यांनी नऊ दिवस संप केला. त्याच वर्षी भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना वाट मोकळी करताना उपक्रमाच्या स्वतःच्या 3,337 बस राखण्याचे ठरले होते. पुढे तो आकडा हजाराच्याही खाली आला. भाड्याच्या गाडीवर चालक कंत्राटदाराचा. ऑगस्ट 2023 मध्ये पगाराच्या प्रश्नावर हे चालक आझाद मैदानात बसले आणि आगारांत गाड्या उभ्या राहिल्या. वाचवलेला पैसा थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाने वेळेच्या रूपात भरला.

2025 साली कचरा गोळा करून वाहून नेण्याचे काम बहुतेक विभागांत सात वर्षांसाठी बाहेर देण्याची निविदा निघाली, तेव्हा कचऱ्याच्या गाड्या भरणारे कायम कामगार, म्हणजे मोटार लोडरही हादरले. एरवी वेगवेगळ्या झेंड्यांखाली असणाऱ्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी संपाचा इशारा दिला. कंत्राटी माणूस ज्या भीतीत वर्षानुवर्षे जगला ती कायमवाल्याच्या हजेरीच्या चौकीपर्यंत पोचली होती. दोघांचा प्रश्न एकच आहे हे आधी ओळखले असते तर दोघांचीही बाजू भक्कम झाली असती.

कंत्राट पूर्ण बंद होईपर्यंत थांबण्याची गरज नसलेली एक गोष्ट आहे. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी 1970 च्या कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे काम करवून घेणाऱ्या संस्थेवर टाकली होती. त्याच न्यायाने प्रत्येक कंत्राटी कामगाराची हजेरी महापालिकेने स्वतःच्या नोंदीत, ओळखपत्रावरील अचूक नावाने ठेवावी आणि दरमहा त्याची प्रत त्याच्या हाती द्यावी. कंत्राटदार बदलला तरी आधीचे दिवस पुसले जाऊ नयेत. याला मोठा निधी लागत नाही. चौकीवर वही आहे, मुकादम आहे, आणि सकाळी सही करायला माणूस हजर असतो.