देवाचाही शिणवटा काढतात

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



गेल्या महिन्यात माझं असं चाललं होतं: रात्री एकपर्यंत ऑफिसचं काम आणि पहाटे साडेचारला जप. कमी झोपतो याचा आतून थोडा अभिमानच होता. मग एका पहाटे हातातली माळ गळून पडली, आणि चार दिवस ताप. अंथरुणात पडूनही मनात एकच खंत, आपण साधनेत कमी पडलो.

आज हे श्लोक वाचले आणि थबकलो. भगवंत सांगतात, फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही नाही. मी आळसाला घाबरत होतो. अतिरेकाकडे लक्षच नव्हतं.

पंढरपूर आठवलं. आषाढीला दर्शन चोवीस तास सुरू असतं, म्हणून विठुरायाचा पलंग काढून ठेवतात. पाठीशी फक्त कापसाचा लोड. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्यानं स्नान, रात्री औषधी काढा, आणि नित्याची शेजारती पुन्हा सुरू. जागणं ही सेवा, तशी शीण काढणं हीसुद्धा सेवाच!

आपण मात्र पलंग काढतो आणि परत ठेवायचाच विसरतो.

कुणाची रात्रपाळी असेल, कुणाचं बाळ लहान असेल. जागावं लागतंच. पण जागरण झाल्यावर स्वतःची प्रक्षाळपूजाही करूया ना? आज मी मोबाईल दहाला बाजूला ठेवणार. झोपताना नाम घेईन आणि निवांत झोपेन. अपराधी न वाटता.