न जाणण्याचा दोष

बिदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर येथे असता आमच्या मोटारसायकलीचे मागचे हवेचे शॉकअप रोज सकाळी बसलेले आढळू लागले. विक्रेत्याच्या कार्यशाळेतील तरुण कारागिराने दोनदा हवा भरली आणि अखेर सारी जोडीच बदलावी लागेल, असे ठासून सांगितले. आम्ही रागावलो.

वस्तुतः परीक्षा सोपी आहे. उष्णतेने हवेचा दाब वाढतो. म्हणून गाडी थंड असताच, मधल्या स्टँडवर घेऊन, तो मोजावा. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले तर गळती तेथेच. न येता दांड्यावर तेल दिसले, तर संशय ऑइल सीलवर. गावातील एका वृद्ध मिस्त्रीने व्हॉल्व्हची पिन बदलली आणि काम भागले.

मग त्या तरुणाचा अपराध कोणता? अज्ञान नव्हे, जन्मतः कारागीर कोणीच नसतो. अपराध अज्ञान झाकण्याचा. परंतु ‘ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे तो म्हणता, तर आम्ही ते सोसले असते काय? खरे उत्तर, नाही. त्याच्या खोट्या ठामपणात आमच्या उतावळेपणाचाही वाटा आहे. देवापुढे ‘चुकलो’ म्हणावयास आपण लाजत नाही. तेच म्हणण्याची मोकळीक दुसऱ्यास देणे, हाही धर्मच होय.