रंग दिल्यावर पुन्हा तोल बघा



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४८व्या श्लोकावर. भगवंत सांगतात, यश येवो न येवो, मन सम ठेवून कर्म कर. हे समत्व म्हणजेच योग.

हे वाचताना मला घरी किटमधून विमान बांधणारी माणसं आठवतात. विमानाच्या शेपटीला एलिव्हेटर असतो. बिजागरीवर हलणारा हा भाग विमानाचं नाक वर-खाली करतो. त्याचा मोठा हिस्सा बिजागरीच्या मागे असतो, म्हणून तोल साधायला पुढच्या टोकात शिशाचं वजन बसवतात. शेवटी रंग देतात. पण रंगालाही वजन असतं, आणि ते जास्त करून मागेच पडतं! म्हणून रंग सुकला की जाणकार माणूस तोल पुन्हा तपासतो. मागची बाजू जड राहिली, तर वेगात एलिव्हेटर फडफडू लागतो आणि काही क्षणांत तुटूही शकतो.

आपल्या साधनेचंही तसंच ना? जप होतो, पारायण पूर्ण होतं, लोक कौतुक करतात. हा रंगच. रंग वाईट नाही, पण त्याचं वजन चढतं. मग एखादा टोमणाही मन हलवून जातो. उभ्या विमानात हा दोष दिसत नाही. वेग आला की कळतो.

पुढचं शिसं कुणाला दिसत नाही. आपलं शिसं म्हणजे 'करता करविता तो' हा भाव. आज कुणी छान म्हटलं, तर ते कौतुक मनातल्या मनात त्याच्या पायाशी ठेवा. आणि तोल बघा.

जय हरी!