आधी पाणी भरून दाखव

चहा नंतर. आधी हे बघ. ओसरीवर सकाळपासून साचलेलं हे पाणी. नळ फुटलेला नाही, नातवंडं खेळलेली नाहीत. तू विकलेला पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप आहे हा. टाकीत साधं पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि घड्याळ घेऊन बसलो. पाचव्या मिनिटाला बुडाच्या सांध्यातून धार लागली. बटण दाबलं तर मोटर घुरघुरते आणि गप्प होते. जन्मभर विज्ञान शिकवलं मी, ऐकीव गोष्टीवर कुणाला उभं करून बोललो नाही. म्हणून प्रयोग आधी केला, फोन तुला मग लावला.

बस. मोबाइल उलटा ठेव.

काल हा पंप घेणारा सावळी सदोबाकडचा माणूस आला होता, तुझ्या दुकानातून सरळ इकडे. तू काय म्हणालास ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. 'काका, पेटी सीलपॅक होती. मी उघडलीच नाही, तं मले काय मालूम आत काय हाय? तुम्ही ऑनलाइन घेतला, ऑनलाइनच तक्रार टाका, नाहीतर कंपनीले फोन लावा.' आणि वर विचारलंस, पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढला होता का! अबे, पासबुकाचा फोटो काढायलाही ज्याला पोरीला हाक मारावी लागते, त्याला तू व्हिडिओ मागतोस? कोणत्या कायद्यात आहे ही अट? मला तरी सापडली नाही. तुला सापडली असेल तर दाखव, मी चष्मा लावतो.

बिल वाचलंय मी. तू छापतोस, पण वाचत नाहीस असं दिसतं. ॲपचं नाव कोपऱ्यात बारीक. 'विक्रेता' म्हणून ठळक अक्षरांत तुझं दुकान, मुक्काम आर्णी, तुझा जीएसटी क्रमांक. गंमत बघ, पंप आर्णीतून निघाला, कुठल्या तरी गोदामाची वारी करून पुन्हा आर्णी तालुक्यातच आला. बिल वाचल्यावर त्या माणसाला कळलं, ज्याच्या दारावरून आपण एसटी पकडायला जातो त्याचाच हा माल. म्हणून तर तो आला. आपल्याच गावचा दुकानदार, ऐकून घेईल, या भरवशावर आला. ॲपवर त्याला एवढा भरवसा वाटला नसता.

सीलपॅक, सीलपॅक! सील म्हणजे तुझी सुटका, हे तुला शिकवलं कुणी? माझ्या वर्गात तरी नाही. बाजारात वांगी घेताना माणूस दाबून, उलटीपालटी करून बघतो. मग एखादं किडकं निघालं, तर निम्मा दोष त्याच्या डोळ्यांचा म्हणता येईल. चिकटपट्टी मारलेल्या पेटीत तो काय दाबून बघणार होता? बघायची सोयच ठेवली नव्हती, तिथं त्यानं तुझ्या शब्दावर घेतलं, दुसरं काय? हे माझ्या मनचं नाही. १९३० चा मालविक्री कायदा उघड, कलम १६. वर्णनावरून विकलेला माल चांगल्या प्रतीचा असेल ही अट न लिहिताही धरलेली असते, आणि ती त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यावर असते, मग तो माल त्यानं स्वतः बनवलेला असो वा नसो. 'असो वा नसो' हे शब्द कायद्यात आहेत. सूट एवढीच, की गिऱ्हाइकानं माल तपासला असेल, तर तपासणीत दिसायला हवे होते ते दोष या अटीतून वगळले जातात. तपासलाच नसेल तर सूट नाही. म्हणजे जे सील तू ढालीसारखं पुढं करतोस, तेच तुझ्या विरुद्ध उभं आहे.

त्याच सुमाराची एक गोष्ट सांगतो. १९३१ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या एका डॉक्टरनं दुकानातून लोकरीच्या आतल्या चड्ड्या घेतल्या. हसू नकोस. कारखान्यात लोकर नीट धुतली नव्हती, सल्फाइट राहून गेलं होतं. अंगाला लागलं, कातडी सोलून निघाली, डॉक्टर कित्येक महिने अंथरुणाला खिळला. खटला पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, जिथं तेव्हा आपल्याकडचीही अपिलं जात. १९३५ साली निकाल लागला तेव्हा कारखाना तर दोषी ठरलाच, दुकानदारही सुटला नाही. दुकानदाराला ते रसायन दिसणं शक्यच नव्हतं, हे कुणी नाकारलं नाही. तरीही नाही सुटला.

आता हे रात्री व्हॉट्सॲपवर काय पाठवलंस मला? 'सर, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८६, विक्रेता जबाबदार नसतो.' दहावीत अर्धा धडा वाचून पेपरला बसायचास, ती सवय अजून गेली नाही. कलम ८६ आहे ते मालामुळं इजा झाली तर भरपाई कुणी द्यायची त्याबद्दल. तिथं कायदा विक्रेत्याला थोडा सैल सोडतो हे खरं. पण वस्तूच बिघडलेली निघाली तर ती बदलून द्यायची की पैसे परत करायचे, याचा त्या कलमाशी संबंधच नाही. त्या कायद्यानं इजेच्या व्याख्येतून वस्तूचं स्वतःचं नुकसान वेगळं काढून ठेवलंय. आणि ते कलमही तू पुढं वाचलं नाहीस. बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याला नोटीसच बजावता येत नसेल, तर इजेची जबाबदारीही विक्रेत्याच्या गळ्यात येते. पेटी आण इकडे. बनवणाऱ्याचं नाव दाखव. पत्ता दाखव. हा एक मोबाइल नंबर आहे, काल तीनदा लावला, अस्तित्वात नाही म्हणतो. वेष्टनावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापलाच पाहिजे, असं २०११ चे नियम सांगतात. असा बिनपत्त्याचा माल तू दुकानात घेतलासच कसा?

'सात दिवस होऊन गेले, ॲपवर परतीचं बटणच दिसत नाही.' हेही त्याला सांगितलंस. पेटी घरी आली त्या दिवसापासून झड लागली होती. पावसात कोणी फवारणी करतो का? अकराव्या दिवशी उघाड पडली, तेव्हा त्यानं पेटी फोडली. शेतकऱ्याच्या घरचं कॅलेंडर ढगांवर चालतं बापा, तुझ्या ॲपवर नाही. बरं, मुदतीचंच बोलू. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं, याला २०१९ चा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. तुझ्या बिलावर मुदत आहे? मी दोन्ही बाजू पाहिल्या. नाही. मग तीस दिवस. आज किती झाले? बोटं मोज, लाज वाटत असेल तर खिशात हात घालून मोज.

ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी तर २०२० च्या जुलैमध्ये वेगळे नियमच काढलेत. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्यानं नकार द्यायचा नाही. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याच्या आत निकालात काढायची, आणि त्यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. तुझ्या दुकानात हा अधिकारी कोण? तूच. अधिकारीसाहेबांनी काल तक्रारदाराला काय सांगितलं? कंपनीला फोन लावा.

मोठ्यांचं काय, असं मनात आलं ना तुझ्या? २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉनला एक लाख दंड केला, फ्लिपकार्टला एक लाख. का, तर मानकात न बसणारे प्रेशर कुकर त्यांच्या बाजारातून विकले गेले. ॲमेझॉनवरून २,२६५, फ्लिपकार्टवरून ५९८. कुकर त्यांनी बनवले नव्हते, विकणारेही दुसरेच होते. तरी ज्यांनी घेतले त्या प्रत्येकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा हुकूम झाला. नुसती जागा देऊन दलाली घेणाऱ्याला हे ऐकावं लागलं. तू तर बिल फाडणारा.

आणि तू, तू हे बोलावंस? २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा तुझा मामा डोक्याला हात लावून बसला होता. कृषी केंद्रवाला म्हणाला, पिशवी सीलबंद आली, सीलबंद दिली. त्याच्या काउंटरवर जाऊन हात आपटणारा कोण होता? मीच सांगितलं होतं तुला तेव्हा, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात शेतकऱ्याला ग्राहकच मानलंय. निगम म्हणत होतं, बियाणं सदोष होतं तर तपासणीसाठी नमुना का दिला नाही? कोर्ट म्हणालं, शेतकरी सगळं बियाणं पेरतो, नमुना ठेवणार कुठून? तेव्हा टाळ्या वाजवल्यास. आता काउंटरच्या पलीकडे गेलास आणि बोली बदलली.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. ॲप दलाली कापतं, परतीचं भाडं तुझ्या बोकांडी मारतं, आणि काही गिऱ्हाईकं नवी वस्तू काढून पेटीत जुनी भरून पाठवतात. लबाड माणसं आर्णीतही आहेत, मला नावं पाठ आहेत, बरीचशी माझेच विद्यार्थी. पण ते भांडण तुझं आणि ॲपचं, तुझं आणि ज्यानं तुला माल दिला त्या घाऊक व्यापाऱ्याचं. त्याच्यापुढं तू गिऱ्हाईक आहेस, कलम १६ तुझ्याही कामाचं आहे. जा, भांड त्याच्याशी, मी येतो सोबत. ते न करता तू सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला म्हणतोस, तूच चढ वर. त्याला तर वरचं कोणी माहीतही नाही. त्याला माहीत आहेस तू.

बोर्डाच्या परीक्षेला मी केंद्रसंचालक होतो, त्या वर्षी तू पहिल्या बाकावर होतास. प्रश्नपत्रिकांचं पाकीट सीलबंद आलं, तुमच्यासमोर फोडलं, तर दोन कमी. मी त्या दोन पोरांना म्हणालो का, पाकीट सीलबंद होतं, मी काय करू, अमरावतीच्या बोर्डाकडे जा? दहा मिनिटांत प्रश्नपत्रिका हातात आल्या त्यांच्या. त्यासाठी मी कुणाकुणाशी काय काय बोललो, ते त्यांना कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. त्यातला एक पोट्टा तू होतास.

आणि आता जे बोलतो ते हळू बोलतो, कारण आत बायको झोपली आहे आणि मला आवाज चढवायचा नाही. हा पंप पाणी मारायचा नाही. पराटीवर औषध मारायचा आहे. धार लागली ती सांध्यातून, म्हणजे बरोबर पाठीवर, कमरेवर. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो जण यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होते. पराटी डोक्याइतकी वाढलेली, औषधांची मिसळ, तोंडाला फडकं नाही, हातमोजे नाहीत, कारणं पुष्कळ. पण त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसानं गळका पंप हातात घेऊन 'सीलपॅक होता' म्हणावं? त्या माणसानं आधी पाणी भरून बघितलं म्हणून वाचला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं तसं कर म्हणून. तू सांगायला हवं होतं.

तुझे वडील कंबलपोष बाबांच्या यात्रेत बॅटऱ्या विकायचे. मी घेतली होती एक. तेव्हा रोज रात्री लोडशेडिंग. त्यांनी पेटी फोडली, सेल घातले, पेटवून माझ्या तोंडावर मारली, सेल काढले, पुन्हा पेटीत घालून दिली. मागं एवढी रांग होती, तरी प्रत्येकाला पेटवून दाखवत होते. तू बाजूला पोत्यावर बसून सुटे पैसे मोजत होतास. विसरलास, की ती मोजणी तेवढी लक्षात राहिली?

तो कोर्टात जाणार नाही असं वाटत असेल तर ऐक. तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे यवतमाळला. पाच लाखांच्या आत फी नाही. वकील लागत नाही. दोन वर्षं मुदत आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन होईल, नंतर अर्ज. पोटासाठी शेती करणारा ग्राहक नाही, हा बहाणाही चालणार नाही. अर्ज मी लिहून देणार आहे. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, आणि साक्षीदार म्हणून ही ओसरी.

आता उठ. पैसे परत हवेत की दुसरा पंप, हे तू ठरवायचं नाही, त्याला विचारायचं. फोन करून नाही, गाडी काढ आणि सावळीला जा, आज उघाड आहे, तो वावरातच भेटेल. दुसरा पंप न्यायचा असेल तर जाताना आधी इथं घेऊन ये. पेटी फोड, टाकी भर, पाठीवर घे आणि ओसरीवर दहा मिनिटं चालून दाखव. बादली न्हाणीत आहे.

चहा मांडतो मी तोवर.