बाजू घेण्याआधी

चि. भाचीस,


‘जागतिक विषमतेचे मूळ भांडवलशाहीतच आहे’ या विषयाच्या बाजूने तू वादविवाद स्पर्धेत बोलणार आहेस, हे वाचून आनंद झाला. मुद्दे मागितलेस, ते देतो. पण आधी एक आग्रह: व्यवस्थांच्या नावांवरून भांडू नकोस. जमीन कोणाकडे होती, कर्ज कोणाच्या डोक्यावर बसले, निर्णय कोण घेत होते, हे देशागणिक तपास.

हैतीपासून सुरुवात कर. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये हा देश फ्रान्सपासून स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेचे, आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती! सुटलेल्यांनी आपल्या सुटकेची किंमत जुन्या मालकांना मोजायची. पहिल्या हप्त्यासाठीच फ्रान्समध्ये कर्ज काढावे लागले. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यातून वाढलेले कर्ज फिटायला १९४७ उजाडले. कॉफीच्या निर्यातीवरचा कर शाळा-रस्त्यांऐवजी त्या देण्यात गेला. ही जबरदस्ती भांडवलशाहीच्या स्वभावातली की साम्राज्यशाहीची, हे तुला सिद्ध करावे लागेल. आणि १९५७ ते १९८६ या काळात द्युव्हालिए या हुकूमशहा बापलेकांनी देश लुटला, तेही तूच सांग. समोरच्याने काढायची वाट पाहू नकोस.

समोरची बाजू कोरियाचे नाव हमखास काढेल. एकच भाषा, एकच लोक, १९४५ मध्ये दोन तुकडे. दक्षिण संपन्न झाली आणि उत्तरेत नव्वदच्या दशकात लोक उपाशी मेले. हे सरळ मान्य कर. मग विचार, दक्षिणेने नेमके केले काय? १९५० च्या सुमारास जमीनदारांची ३ हेक्टरांवरची जमीन कसणाऱ्यांना दिली. १९६१ नंतर सरकारने बँका ताब्यात घेतल्या आणि निर्यात करून दाखवणाऱ्यांना स्वस्त कर्जे दिली. १९६८ मध्ये पोहांगची पोलाद कंपनी स्थापन केली, तीही सरकारनेच. बाजाराला तिथे वाव होता, पण त्याची दिशा सरकार ठरवत होते.

‘विषमता’ म्हणजे देशादेशांतली की देशाच्या आतली, हेही पहिल्याच मिनिटात स्पष्ट कर. १९७८ नंतर चीनने बाजाराला वाट दिली. कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर आले, श्रीमंत देशांशी असलेली दरी कमी झाली. त्याच काळात चीनच्या आतली दरी मात्र वाढली. हा फरक न करता बोललीस, तर एकच चीन दोघांच्याही बाजूने साक्ष देईल.

१८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी बजावले होते की, इंग्लंडात घडलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त जसेच्या तसे हिंदुस्थानला लावता येत नाहीत. ते व्याख्यान मिळवून वाच. तो इशारा आजही डाव्या आणि उजव्या, दोन्ही पोथ्यांना लागू आहे.

स्पर्धेत कोणीतरी जिंकेल, कोणीतरी हरेल. पण गरिबीचे निदान चुकले तर औषधही चुकते, आणि ते भोगणारी माणसे सभागृहात नसतात. तुमच्यापैकी काहीजण उद्या अधिकारी होतील, काही पत्रकार, आणि मतदार तर सगळेच. म्हणून भाषणातल्या प्रत्येक दाव्यापुढे देश, साल आणि त्याची झळ कोणाला बसली, हे लिही. ज्यापुढे हे लिहिता येणार नाही, तो दावा कितीही टाळ्या घेणारा असो, काढून टाक. मसुदा झाला की पाठव, आपण ओळ न् ओळ तपासू.

तुझा,
मामा